कुपाटीच्या आतलं बेट

पाण्याच्या मधात आलं की बाबा वल्हं थांबवतात. पूर्वीही थांबवायचे. तेव्हा बोटीत दहा-बारा माणसं असायची आणि बाबा मुद्दाम म्हणायचे, "आता गुपचाप बसा. आवाज आयका." माणसं खरंच गप्प व्हायची. आता बाबा थांबतात ते उजवा हात पुढं जात नाही म्हणून. मागच्या वर्षी लकवा येऊन गेला, तेव्हापासून तो हात उशिरानं येतो. हाक मारल्यावर थोडा विचार करून मग निघाल्यासारखा. तेवढ्या वेळात आमचा तराफा स्वतःभोवती हळूहळू फिरतो, आणि गाव कुठल्या बाजूला होतं तेच मला कळेनासं होतं.

तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे, खताच्या पोत्यांत घालून नायलॉनच्या दोरीनं आवळलेले. इकडचे मासे धरणारे सगळे यावरच बसतात. मला पोहता येतं. तरीही मी दोन्ही हातांनी दोरी धरून बसले होते. पाण्याखाली बुडालेल्या बाभळी आहेत. तलाव भरला की त्यांचे शेंडे दिसत नाहीत, फक्त तराफ्याच्या बुडाला मध्येच कुणी नखानं खरवडल्यासारखा आवाज येतो. लहानपणी वाटायचं, खालून कुणीतरी चाचपून बघतंय, वर कोण बसलंय ते. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

मायनं मला वाशीमहून बोलावून घेतलं होतं. होस्टेलवर फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "तुह्या बापाचा एक हात चालत नाही न् तो रोज एकटा पान्यात जाते. मह्यं आयकत नाही. तुह्यं आयकन. तू शिकेल हायेस. ये न् थांबव त्याले, नाहीतं एक दिवस रिकामा तराफा येईन."

मेडशीला एसटीतून उतरले तेव्हापासून ते शेवटचं वाक्य माझ्या पोटात होतं. घरी येऊन तीन दिवस झाले. तीन दिवस मी बाबांना काहीच बोलले नाही. चौथ्या दिवशी दुपारी ते बेटावर न्यायला ज्वारी आणि तुरीची चुनी, डाळीचा भरडा, पोत्यात भरायला लागले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "मी येते सोबत."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू? तू तं तिथी पाय ठेवत नाहीस."

ते खरं होतं. दहा वर्षांत मी बेटावर गेले नव्हते. का गेले नव्हते, ते बाबांना माहीत नव्हतं, मायलाही नव्हतं. मला बाबांना थांबवायचं होतं आणि त्यासाठी मला एकच गोष्ट सांगायची होती. ती सांगायचीच मला पाण्याहून जास्त भीती होती.

बेटावर उतरलं की आधी वास येतो. शेवाळलेल्या सिमेंटचा, ओल्या पिसांचा, आणि त्याखाली कुठंतरी अजूनही ऑइलपेंटचा. कदाचित तो मलाच येत असेल. तिकिटाच्या खोलीचा पत्रा उडून गेलाय, खिडकी आहे. खिडकीखाली लहान मुलांना उभं राहायला केलेली पायरी आहे. मोठा फलक मात्र तसाच उभा, मागून गंजलेला, पुढून पोपडे आलेला. त्यावर सिंहाचा अर्धा चेहरा शिल्लक आहे. एक डोळा आणि आयाळ.

या बेटावर सिंह कधीच नव्हता. बेटसुद्धा खरं तर टेकडीच होती. तलाव झाला तेव्हा बाजूचं सगळं बुडालं आणि ही वर राहिली. मग काठावर रिसॉर्ट आलं, झोपड्यांसारख्या खोल्या आल्या, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की टेकडीवर जनावरं ठेवावी, लोक बोटीनं बघायला जातील. बेटावर ससे आले, बदकं आली, गळ्याखाली लाल झालर लोंबणारे टर्की आले, आणि एका ट्रकमधून सात इमू उतरले. तो ट्रक आला तेव्हा सगळं गाव काठावर होतं. इमू कुणी पाहिलेलाच नव्हता. माणसाएवढा उंच, अंगावर पिसं की केस तेच कळेना, आणि चाल अशी की चप्पल हरवलेली बाई तापलेल्या डांबरावरून निघालीय. पोरांनी जागच्या जागी नाव ठेवलं, उंटकोंबडी.

फलक रंगवायला मेडशीचा सलीमचाचा पेंटर आला होता. तो बाबांना विचारत होता, "नारायनभाऊ, याले पाय किती?"

"दोनच हायेत गा. कोंबडीले किती असतात?"

"नवीन जनावर हाय, मले वाटलं चार असतीन." मग त्यानं शिडीवर चढून आधी सिंहच काढायला घेतला.

"अरे, शेर कुठी हाय बेटावर?"

"बोर्डावर शेर नसला तं पब्लिक येत नाही, भाऊ. शेर बोर्डावर राहीन, ससे बेटावर राहतीन. दोघायचं बी पोट भरन."

बाबा एवढे हसले होते की त्यांना खाली बसावं लागलं. त्यांचं ते हसणं मला नीट आठवतं, कारण नंतर तसं ऐकलं नाही.

बाबा बोट वल्हवायचे आणि जनावरांना खायला घालायचे. त्यांना निळा शर्ट मिळाला होता. माय तो शर्ट रोज रात्री धुवायची आणि विस्तवाजवळ वाळत घालायची, म्हणून बाबांच्या अंगाला नेहमी थोडा धुराचा वास असायचा. हिवाळ्यातले रविवार सगळ्यांत मोठे. अकोल्याहून गाड्या यायच्या. बायका पदर डोक्यावर घट्ट धरून बोटीत बसायच्या, पुरुष उगाच पाण्यात हात घालायचे. बोट मधात आली की बाबा वल्हं थांबवायचे आणि बेटावरून तो आवाज यायचा.

तो आवाज मला सांगता येईल की नाही माहीत नाही. रिकाम्या माठाच्या तोंडावर ओलं फडकं बांधावं आणि त्यावर बोटांनी हलकेच मारावं, तसा. ढुम. मग थांबून, ढुम. कानापेक्षा छातीत जास्त वाजायचा. इमूची मादी चोच न उघडता गळ्याच्या आतून तो काढते, हे मी नंतर कॉलेजात वाचलं. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. बोटीतलं एखादं पोर रडायला लागायचं आणि बाबा म्हणायचे, "भेऊ नको बाप्पा. ते जेवाले बोलावून राह्यली."

अंडी गर्द हिरवी असायची, जवळजवळ काळी. त्यांवर नर बसायचा, दीड-दोन महिने, धड न खाता-पिता. मायला हे कळलं तेव्हा ती खास बघायला आली. बराच वेळ त्या नराकडं बघत उभी राहिली. मग बाबांना म्हणाली, "पाहून घ्या. शिका काहीतरी." पुढं आठवडाभर गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना इमूवरून टोमणे मारत होत्या. पिल्लं मात्र जगली नाहीत, इमू सातच राहिले.

असे तीन हिवाळे गेले. की चार? मला नक्की आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं.

पाणी उतरताना तलाव वेगळाच वास सोडतो. शिंपल्यांचा, सडक्या वेलींचा, भेगाळणाऱ्या गाळाचा. एक दिवस सकाळी गाव उठलं तर बेट आणि काठ यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी वर आली होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना गाळ, वरून वाळलेला दिसणारा, पण पाय टाकला तर मांडीपर्यंत आत जाणारा. बेट आता बेट राहिलं नव्हतं. मला ते बघून भीती वाटली होती. दार नसलेलं घर बघून वाटते तशी.

रिसॉर्टचे साहेब बाबांना म्हणाले, "एकही जनावर बाहेर जाता कामा नये." बाकी काही सांगितलं नाही. काय करायचं हे बाबांनी ठरवलं, आणि आमच्याकडं कुणीही जे केलं असतं तेच ठरवलं. कुपाटी.

इकडं प्रत्येक वावराला कुपाटी असते. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून बाभळीच्या, बोरीच्या काटेरी फांद्या तोडून, एकीत एक अडकवून केलेलं कुंपण. काट्यांचे शेंडे बाहेर, बुडखे आत. आत-बाहेर जायला एक फट ठेवायची आणि तीत काट्यांचाच झापा बसवायचा; दुबेळक्या, टोकाला दोन फाटे असलेल्या, काठीनं ओढायचा, खाली दगड लावायचा. बाबा फांद्या तोडायचे, माय रचायची, मी काठीनं ओढून आणायचे. पट्टी जिथं बेटाला लागते तिथं, गाळापासून गाळापर्यंत, आम्ही तीन दिवसांत कुपाटी घातली. ताज्या तोडलेल्या बाभळीचा कडवट वास हाताला आठवडाभर राहिला.

एकच गोष्ट वेगळी होती. मायच्या ती लक्षात आली. "अवो, हे काटे उलटे लावून राह्यले तुमी. शेंडे आत कायले?"

"वावरात बाहेरचं जनावर आत नाही येऊ द्याचं असते," बाबा म्हणाले. "इथी आतलं बाहेर नाही जाऊ द्याचं."

मायला ते पटलं. मलाही पटलं. शाळेत शिकवलेलं गणित घरी खरं निघावं, तसं बरं वाटलं.

मग रिसॉर्ट बंद झालं. कसं, कुणामुळं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही. रविवारी गाड्या येईनाशा झाल्या एवढंच मला दिसलं. खोल्यांच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली गेली. एक टेम्पो आला, ससे आणि बदकं टोपल्यांतून गेली, टर्की पाय बांधून गेले. इमू मात्र टेम्पोत चढेनात. दोन तास पळापळ झाली. शेवटी साहेब घामानं भिजून म्हणाले, "राहू दे. मोठी गाडी घेऊन येतो." बाबांनी विचारलं, "कवा?" साहेब म्हणाले, "फोन करतो."

बाबा फोनची वाट बघत रोज जात राहिले.

ते दिवस मला वासांनी नाही, आवाजांनी आठवतात. म्हणजे आवाज नसण्यानं. रिसॉर्टचं स्वयंपाकघर बंद पडलं, तिथली भांडी वाजायची थांबली. त्या भांड्यांवर जगणारी पाच कुत्री होती. आम्ही त्यांना ओळखायचो, ती आम्हाला. एकाचा कान फाटलेला होता, तो माझ्या मागं शाळेपर्यंत यायचा. महिनाभरात त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. ती भुंकेनाशी झाली. भुंकणाऱ्या कुत्र्याची भीती वाटत नाही, न भुंकणाऱ्याची वाटते, हे मला तेव्हा कळलं. आणि संध्याकाळी बेटावरून ढुम, ढुम. आता ऐकायला बोट नव्हती. गावातल्या लोकांनी तिकडं गुरं नेणं बंद केलं.

त्या दिवशी बाबा दुपारी उशिरा बेटावरून परत आले ते कुडकुडतच. वैशाखात थंडी वाजत होती त्यांना. मायनं दोन गोधड्या टाकल्या, वर स्वतः हात दाबून बसली. बाबा दात वाजवत काहीबाही बोलत होते. मी दारात उभी होते आणि मला दिसलं की दुबेळकी काठी दाराशी नाही. झापा लावून झाला की ते ती काठी खांद्यावर टाकून घरी आणायचे. काठी नाही म्हणजे झापा उघडा आहे.

मला एकटीला तिकडं जायची मनाई होती. पण दिवस बुडायला वेळ होता आणि मायला सांगितलं असतं तर ती बाबांना सोडून उठली असती. मी गेले.

पट्टीवरून चालताना दोन्ही बाजूंचा गाळ उन्हानं तडकत होता, बारीक, टिक टिक. झापा उघडाच होता, काठी बाजूला पडलेली. मी आत पाहिलं. इमू टेकडीच्या वरच्या अंगाला उभे होते, सातही, माना एकाच दिशेला. ते कुणाकडं बघतायत म्हणून मी पाहिलं. तिकिटाच्या खोलीच्या सावलीत कुत्री बसली होती. पाचही. फाटक्या कानाच्या कुत्र्यानं माझ्याकडं पाहिलं. तो उठला नाही. शेपूटही हलवली नाही.

मी त्याला हाक मारायला हवी होती. मी मागं पळून माणसं आणायला हवी होती. मी झापा तसाच उघडा ठेवायला हवा होता. या तीन वाक्यांवर मी दहा वर्षं घालवली आहेत. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मला एवढंच कळत होतं की त्या कुत्र्यांच्या आणि माझ्या मध्ये काहीतरी हवं. आणि झापा लावायचा असतो, तो लावण्यासाठीच मी आलेय. मी काठीनं झापा ओढला, पायानं दगड सरकवला, आणखी एक दगड ठेवला, आणि काठी तिथंच टाकून पळाले.

घरी बाबांचा ताप वाढला होता. मी काही बोलले नाही.

सकाळी किन्हीराजा गावाकडचे दोन मेंढपाळ आले. बेटावर एवढे कावळे का म्हणून ते बघायला गेले होते, झापा बाजूला ओढून आत शिरले होते. बाबा ताप अंगात घेऊन उठले, माय मागून ओरडत गेली. मी गेले नाही. मी चुलीपुढं बसून राहिले. जे मला माहीत आहे ते सगळं ऐकलेलं आहे. सहा इमू कुपाटीला लागूनच पडले होते, झाप्याजवळ, एकावर एक. अंगात काटे रुतलेले, वर कुत्र्यांच्या दातांच्या खुणा. सातवी, मादी, गाळात पोटापर्यंत अडकलेली, जिवंत. बाबांनी तिला दोर लावून बाहेर काढलं.

बाबा पोहोचले तेव्हा झापा उघडा होता, कारण मेंढपाळांनी तो उघडला होता. हे बाबांना कुणी सांगितलं नाही. कुणाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. आपण तापाच्या भरात झापा लावायचा विसरलो, तेवढं बाबांना आठवत होतं. म्हणून कुत्री शिरली. ते खरंच होतं. पण त्यांना एक गोष्ट समजत नव्हती, आणि तीच ते दहा वर्षं विचारत राहिले. मायला, सलीमचाचाला, जेवताना स्वतःला.

"झापा उघडा होता. उघड्याच झाप्यापाशी मेले. मंग पळाले काहून नाही?"

आणि मग उत्तरही त्यांनीच शोधलं. "माही वाट पाहून राह्यले होते. मी येईन म्हून."

साहेबांचा फोन आला नाही. बाबा जात राहिले. सलीमचाचा त्यांची थट्टा करायचा, "नारायनभाऊ, तुमी त्या कोंबडीचे जावई हाये का? रोज रोज कायले जाता?" बाबा म्हणायचे, "ते भरोशानं थांबली हाय, चाचा." हे ऐकलं की मी घरातून बाहेर जायचे. पुढं दहावी झाली, बारावी झाली, घरात कॉलेजात गेलेली मी पहिली म्हणून गावानं कौतुक केलं. होस्टेलवर संध्याकाळी कुणी रिकामी बादली ठेवली, ढुम असं काही वाजलं, की मी उठून ती पालथी घालायचे. मी एक वाक्य पाठ केलं होतं. झापा मी लावला होता. चारच शब्द. प्रत्येक सुट्टीत ते घेऊन मी घरी यायचे आणि तसंच परत न्यायचे.

बाबांनी बेटावर पोतं उतरवलं आणि डाव्या हातानं चुनी पसरली. हाक मारली नाही. ती आलीच. म्हातारी झालीय, गळ्याची निळी कातडी सुरकुतलीय, एक पाय किंचित ओढते. माझ्याकडं तिनं एका डोळ्यानं पाहिलं. खरं सांगते, त्या डोळ्यात ओळख नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. ते जास्त भयंकर होतं.

खाऊन झाल्यावर ती बेटाच्या त्या टोकाला गेली, जिथं उन्हाळ्यात पट्टी निघते. तिथं आता बाभळींची एक सरळ रांग उभी आहे. आमच्या कुपाटीच्या फांद्यांना शेंगा होत्या, त्यांतलंच बी पडलं आणि रुजलं. काटे कधीच कुजून गेले, पण कुपाटी तिथंच आहे, हिरवी, जिवंत, डोक्याच्या वर गेलेली. झापा होता तिथं मोकळी फट आहे. इमू रांगेच्या कडेनं चालत गेली, फटीपाशी थांबली, वळली, परत आली. पुन्हा गेली, थांबली, वळली.

"उन्हाळ्यात बी असंच," बाबा म्हणाले. "समोर सुकी वाट असते. जात नाही. मले सोडून जात नाही."

सूर्य अजून वर होता, पाणी शांत होतं, आणि मी गाळात उभी असल्यासारखं मला वाटत होतं.

"बाबा, झापा मी लावला होता."

"कोनता झापा?"

"त्या दिवशी. तुमी तापात आले. काठी नव्हती आनली, म्हून मी गेली. झापा लावला. दोन दगड ठेवले. कुत्रे आतच होते. मी पाह्यले होते, बाबा. तरी लावला."

मी बाबांच्या हातांकडं बघत होते. चांगला हात पोत्याच्या कडेवर तसाच होता, आजारी हात मांडीवर हलत होता.

मग त्यांनी विचारलं, "मंग तो उघडला कोनं?"

"मेंढीवाल्यायनं. सकाळी."

"म्हंजे राती बंद होता."

"हो."

"म्हंजे ते पळाले होते." त्यांचा आवाज बदलला. "झाप्यापरेंत पळत आले होते ते. न् बंद होता."

"हो बाबा."

मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मला कधी मारलं नाही, तरी वाटलं. ते उठले, इमूच्या मागं गेले, बाभळींच्या रांगेपाशी उभे राहिले. ती आली, फटीपाशी थांबली, वळली. बाबा तिच्याकडं असे बघत होते जसे पहिल्यांदाच बघतायत.

"हे माह्यासाठी नाही थांबली," ते म्हणाले. "हिले वाटते अजून बंद हाय."

मग ते खाली बसले आणि रडले. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांना हात लावावा की नाही हे मला कळत नव्हतं. त्यांनीच आजारी हात माझ्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला. तो उशिरा आला, खांद्यावरच पडला.

"नऊ वर्साची होतीस तू," ते म्हणाले. "सांगतलं काहून नाही? दहा वर्स एकटी वाहून राह्यलीस."

"माय म्हनते तुमी येनं बंद करा," मी म्हणाले. आता तेही बोलून टाकायचं होतं. "मले तेच सांगाले बोलावलं तिनं. तुमचा हात... मले लय भेव वाटते, बाबा."

"बंद कसं करू?" त्यांनी नाक पुसलं. "आधी वाटे, थांबली हाय तं खाऊ घालू. आता तं हिले काढाच लागीन इथून. उन्हाळ्यात वाट निंगली का हे बाभळी तोडतो. सगळी रांग. रांगच नसली तं फट बी नाही राहत, मंग अडन कशाले? चुनी टाकत टाकत घरापरेंत नेतो हिले."

"उन्हाळ्याले सहा महिने हायेत."

"हायेत."

"न् तवापरेंत रोज हे पानी?"

पाण्यावर वारा उठला होता, बारीक काळ्या रेघा काठाकडून आमच्याकडं सरकत होत्या. मी ज्याला भीत होते ते सांगून झालं होतं, आणि भीती कमी झाली नव्हती. फक्त ती आता पुढच्या सहा महिन्यांची झाली होती.

मी तराफ्यावर आधी चढले आणि बाबांच्या जागी बसले. वल्हं ओलं आणि वाटलं त्यापेक्षा जड होतं. "कॉलेजातून दर शनवारी येते मी," मी म्हणाले. "आठवड्याचं एकदाच आनून टाकू. मधात तुमी नाही यायचं. एकटं तं नाहीच. शपथ घ्या."

"तुले वल्हं जमन का?"

"जमन. शपथ घ्या."

त्यांनी लगेच घेतली नाही. तराफ्यावर बसले, मागं वळून बाभळींकडं बघितलं, मग म्हणाले, "घेतली." आणि थोड्या वेळानं, "वारा डाव्या अंगानं हाय. वल्हं खोल नोको घालू, शेंडे हायेत खाली."

मी खोल घातलं नाही. तरीही मधात एकदा बुडाशी खरवडलं आणि तराफा अडला. बाबा हललेसुद्धा नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते. मी वल्हं उलटं टेकवून जोर लावला, फांदी सुटली, आम्ही गर्रकन एक फेरा घेतला आणि या वेळी मी नजर काठावरून हलू दिली नाही.

काठावर माय कमरेवर हात ठेवून उभी होती. वल्हं कुणाच्या हातात आहे हे तिला दुरूनच दिसलं असणार, कारण आम्ही टेकायच्या आधीच ती ओरडायला लागली.

"थांबवाले पाठवली होती तुले! थांबवाले! न् तूच वल्हं धरून येऊन राह्यलीस? एकाचा घोर होता मले, आता दोघायचा लावला!"

मी पाण्यात उतरले, तराफा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि बाबांचा हात येईपर्यंत थांबले.